अंगणात भाजी लावली तर बाग शेतासारखी दिसेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला नवा बंगला बांधला, त्याचे तोंड उत्तरेला आहे आणि गच्चीच्या कठड्यासकट त्याची उंची साधारण २२ फूट भरते. घरापासून फाटकाच्या भिंतीपर्यंत ३० फूट खोल आणि ४० फूट रुंद अंगण मोकळे आहे. तिथे घरापुरती भाजी लावावी, अशी तुमची इच्छा आहे. यजमानांना लॉन हवे आहे. सासूबाईंना गुलाब हवेत, आणि भाजी ही परसातली, ती दारात आली की घराची शोभा जाते, असे त्यांचे म्हणणे आहे. शिवाय फाटकावर द्राक्षाचा वेल चढवण्याचे तुमच्या मनात आहे. हे सगळे एका अंगणात नांदेल का, असे तुम्ही विचारले आहे.

मी गेली बावीस वर्षे घरगुती बागा आखण्याचे आणि सांभाळण्याचे काम करतो, आणि सासूबाईंचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. आपल्याकडे पुढे अंगण आणि मागे परस ही विभागणी उगीच झालेली नव्हती. न्हाणीचे आणि भांडी घासल्याचे पाणी मागे वाहत असे, म्हणून केळ, अळू, कढीपत्ता आणि भोपळ्याचा वेल मागे असत. पुढे तुळस, प्राजक्त आणि जास्वंद असे. पण याला दुसरेही एक कारण होते. भाजीचा वाफा वर्षातले निम्मे दिवस एक तर कोवळा असतो, नाही तर ओरबाडलेला असतो, आणि परसात तो कोणाच्या नजरेला पडत नसे. आता प्लॉटमध्ये मागे जेमतेम पाच फूट जागा उरते आणि तीही ड्रेनेजच्या चेंबरला आणि मोटारीला जाते, त्यामुळे भाजी दारात येणे अटळ झाले आहे. तेव्हा भाजी देखणी दिसेल का, हा तुमचा खरा प्रश्न नाही, कारण ती दिसतेच. भाजी काढून घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी बाग कशी दिसेल, हा प्रश्न आहे.

हे मी अनुभवाने शिकलो. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत पुण्यातील एका कुटुंबासाठी मी पुढच्या अंगणात चार मोठे वाफे आखले. त्यांत हिरवा आणि जांभळा कोबी बुद्धिबळाच्या पटासारखा एकाआड एक लावला, कडेने लाल माठ पेरला आणि मध्ये झेंडू ठेवला. जानेवारीच्या अखेरीस ती बाग इतकी सुरेख झाली की मालकीणबाई कोणाला कोबी कापू देईनात. मग गड्डे तडकू लागले, तेव्हा चार दिवसांत सगळा कोबी कापून आळीभर वाटावा लागला. पुढच्याच आठवड्यात त्यांच्याकडे मुलीला पाहायला पाहुणे आले आणि अंगणात नुसते बुंधे उभे होते. बाईंनी मला फोनवर एवढेच विचारले, "तुमची बाग परत कधी येणार?"

चूक कोबीची नव्हती. वाट, कड, उंची, रंग असे बागेचे सगळे रूपच मी भाजीच्या भरवशावर ठेवले होते. फ्रान्समधील लुआरच्या खोऱ्यात व्हिलांद्री येथे एक भाजीची बाग आहे. जुन्या धर्तीवर ती विसाव्या शतकाच्या आरंभी पुन्हा उभी केली गेली आणि आज जगभरातून लोक ती पाहायला जातात. माझ्याकडे येणाऱ्या दर पाच-सहा जणांपैकी एकाच्या मोबाइलमध्ये तिचा फोटो असतो. त्या फोटोत लोकांना रंगीत कोबी दिसतात, मला मात्र नऊ चौकोनांच्या कातरलेल्या कुंपणरेषा आणि सरळ वाटा दिसतात. भाजी तिथे वर्षातून दोनदा बदलली जाते आणि त्यासाठी पगारी माळी आहेत. चौकट तेवढी कायम राहते, आणि वाफा रिकामा असला तरी ती त्याला सावरून धरते. आपल्याला ते कुंपण लावायची गरज नाही. जमिनीच्या वर सहा-आठ इंच येणारी विटांची सरळ कड आणि तीन फूट रुंदीची फरसबंद वाट एवढ्यानेही तेच काम होते. (रंगवलेले टायर मात्र कृपा करून आणू नका, त्यांत काहीही लावले तरी आधी टायरच दिसतो.)

भाजी कुठे लावायची, हे ठरवताना मी एक साधी कसोटी वापरतो आणि ती आपल्या भाषेतच तयार आहे. आपण काही भाज्या खुडतो, काही तोडतो, काही उपटतो आणि काही खणून काढतो. पालकाची बाहेरची पाने, मायाळूचे शेंडे, चुका, अंबाडी, कढीपत्ता या खुडायच्या गोष्टी. खुडल्याने झाड नाहीसे होत नाही, उलट अधिक फुटते. वांगी, मिरची, भेंडी, वाल, तोंडली, लिंबू हे तोडायचे. फळ गेले तरी झाड उभेच राहते. मेथी, कोथिंबीर, लाल माठ उपटायचे आणि मुळा, गाजर, बीट, हळद, आले खणायचे. पहिल्या दोन जातींना बागेत दर्शनी जागा द्यावी, शेवटच्या दोन जातींना आडोशाची. कोबी कापायचा असतो, पण कापल्यावर मागे काही उरत नाही, म्हणून मी त्याला उपटायच्यांत मोजतो. हळद मात्र खणायची असूनही अपवाद आहे, कारण ती वर्षातून एकदाच खणावी लागते आणि तोपर्यंत सहा-सात महिने तिची रुंद पाने कोणत्याही शोभेच्या झाडाच्या तोडीची दिसतात.

खुडायच्या आणि तोडायच्या भाज्यांत खरोखर सुंदर झाडे आहेत. फक्त त्यांच्याकडे फुलझाड म्हणून पाहायची आपल्याला सवय नाही. भेंडीचे फूल जास्वंदीच्या कुळातले, फिकट पिवळे आणि आत गर्द लाल डोळ्याचे असते. वाराणसीच्या भाजीपाला संशोधन संस्थेने काढलेला 'काशी लालिमा' हा वाण लावलात तर भेंडीही लाल येते. अंबाडीचे देठ लाल असतात. जांभळ्या वालाचा तुरा नोव्हेंबरात पाहावा. वांग्याला फूल जांभळे, पान मऊ लव असलेले, आणि झाड छाटले तर तेच पुन्हा बहरते. उलट टोमॅटो मी कधीही पुढे ठेवत नाही. फळे लागेपर्यंत त्याची खालची पाने करप्याने पिवळी पडतात आणि काठ्यांना बांधलेले ते झाड फेब्रुवारीत आजारी माणसासारखे दिसते. मेथी-कोथिंबिरीचे म्हणाल तर ती पूर्वेच्या बाजूला, घराच्या कोपऱ्यापलीकडे, दोन फूट रुंदीच्या एका लांबट वाफ्यात घाला. तो वाफा एकदम पेरू नका, तीन तुकडे करून पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने पेरा, म्हणजे एक तुकडा रिकामा झाला तरी दुसरा हिरवा असतो.

आता उन्हाकडे येतो, कारण उत्तरमुखी घरापुढच्या अंगणात रोपांपेक्षा सावलीच जास्त ठरवते. नाशिकच्या अक्षांशावर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी पडणारी सावली जवळजवळ वस्तूच्या उंचीएवढी असते. म्हणजे तुमच्या २२ फूट उंच घराची सावली अंगणात २१ फुटांपर्यंत पोहोचेल आणि फाटकालगतचा आठ-नऊ फुटांचा पट्टाच उन्हात राहील. ऑक्टोबरच्या आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात हीच सावली बारा-तेरा फुटांची असते. मेच्या अखेरीपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्याही किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे त्या काळात दुपारी घराची सावली अंगणात पडतच नाही. आपला पालेभाज्यांचा आणि वांगी-वालाचा मुख्य हंगाम हिवाळी, आणि नेमके तेव्हाच तुमचे दोन-तृतीयांश अंगण सावलीत. नव्या बंगल्यात लोक उन्हाळ्यात बाग आखतात, सगळीकडे लख्ख ऊन पाहून घराच्या पायथ्याशी वाफे करतात आणि डिसेंबरात वांगी का धरत नाहीत म्हणून खताला दोष देतात. फळभाजीला किमान सहा तास ऊन लागते, पालेभाजीचे तीन-चार तासांवर भागते. यात खताने काही भरून निघत नाही.

शेजारी पूर्वेला किंवा पश्चिमेला उंच इमारत असेल तर हे गणित आणखी बिघडेल, आणि ते तुम्ही लिहिलेले नाही. गाडीचा रस्ता पश्चिमेच्या कडेने आहे आणि शेजारची घरे तुमच्यापेक्षा उंच नाहीत, असे धरून पुढचे लिहितो.

घरालगतचे दहा-बारा फूट हळदीला द्या. ही जागा हळदीसाठीच केल्यासारखी आहे, कारण तिला वाढीच्या काळात, म्हणजे पावसाळ्यात, ऊन मिळते आणि सावली लांबेपर्यंत तिची पाने आपोआप पिवळी पडू लागलेली असतात. मेच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी एक-एक फुटावर गड्डे लावा. गणपतीच्या दिवसांत पातोळ्यांना पाने मिळतील आणि फेब्रुवारीच्या सुमारास हळद खणता येईल. तिच्या पुढच्या बाजूला आले आणि पानओवा, पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात वडीचे अळू, आणि पोर्चच्या खांबावर नागवेल. अळूजवळ तशाच पानांची शोभेची झाडे मात्र लावू नका. अलोकेशिया आणि डायफेनबॅकिया खाण्याचे नाहीत, आणि घाईत दुसऱ्याच कोणी पाने खुडली तर घरादाराचा घसा सुजेल. पुदिना मातीत मोकळा सोडू नये. तो विटांच्या फटींतून पलीकडे निघतो, म्हणून तळ असलेल्या कुंडीसकट जमिनीत पुरावा.

फाटकालगतचा पट्टा हा तुमचा खरा भाजीचा पट्टा. फाटकाच्या भिंतीची आतली बाजू दक्षिणेकडे तोंड करून असल्याने तिला हिवाळ्यात सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत ऊन मिळेल, आणि म्हणून वेलांची जागा तीच. भिंतीपासून सहा इंच पुढे लोखंडी चौकटीवर तारेची जाळी उभी करा. पावसाळ्यात तिच्यावर दोडका चढवा आणि ऑक्टोबरात तो उतरवून, आधीच त्याच्या बुडाशी लावलेला वाल वर घ्या. दोडक्याची शिफारस मी चवीसाठी करत नाही, निदान केवळ चवीसाठी नाही. त्याची पिवळी फुले दिवसभर मिटलेली असतात आणि संध्याकाळी उमलतात. तुम्ही कामावरून परत येता आणि सासूबाई पोर्चमध्ये येऊन बसतात, त्याच वेळी समोरची भिंत पिवळी होत जाते. माझ्या एका बागेत शोभेसाठी लावलेला महागडा वेल काढून घरच्या आजींनी पुढच्या वर्षी पुन्हा दोडकाच मागितला, तो याच कारणाने.

भिंतीपुढे चार-चार फूट रुंदीचे दोन वाफे, मध्ये फाटकाची वाट. चारपेक्षा जास्त रुंदी नको, कारण मध्यापर्यंत हात पोहोचला नाही की माणूस वाफ्यात पाय टाकतो आणि माती दाबली जाते. या वाफ्यांत वांगी आणि मिरची मागे, पालक आणि चुका पुढे, कडेला कांद्याची पात, आणि मध्येमध्ये शेपूचे चार-चार दाणे, कारण त्याच्या पिसासारख्या पानांमुळे पालकाचे ठसठशीत पान उठून दिसते. याशिवाय कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये वीस-पंचवीस रोपे सदैव तयार ठेवा. एखादे झाड मेले किंवा काढले की त्याच दिवशी तिथे दुसरे रोप गेले पाहिजे. माझे माळी त्यांना 'बदली कामगार' म्हणतात. शेजारच्याला तुमची बाग नेहमी भरलेली दिसते, त्यामागचे गुपित बहुधा एवढेच असते.

फाटकावरच्या द्राक्षाबद्दल मात्र माझा नकार समजा. नाशिकमध्ये हे सांगणे धाडसाचे आहे. पण द्राक्षाच्या वेलाला एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्या लागतात, म्हणजे वर्षातून दोनदा तुमच्या दारावर काड्यांचा सापळा उभा असेल, आणि भुरी व डाऊनी या रोगांपासून घड वाचवायचे तर येण्याजाण्याच्या वाटेवर, डोक्याच्या वर, फवारणी करावी लागेल. बागायतदार हे करतात कारण तो त्यांचा व्यवसाय आहे. कमान हवीच असेल तर सात फूट उंच करा आणि तिच्यावर तोंडलीचा वेल सोडा. तो एकदा लावला की वर्षानुवर्षे टिकतो, फुले पांढरी शुभ्र येतात, आणि पिकलेली तोंडली खायला बुलबुल येतात.

मधल्या दहा फुटांत भाजी नको. तिथे दाराच्या रेषेत तुळशीवृंदावन, त्याभोवती शहाबादी फरशी, आणि लॉन हवेच असेल तर पूर्वेच्या बाजूला शंभर चौरस फुटांचे, त्याहून मोठे नाही. हिवाळ्याच्या सावलीत ते विरळ होईल, हे यजमानांना आधीच सांगून ठेवा. या पट्ट्यात उंच झाड लावण्याचा मोह टाळा. दहा फुटांचे डाळिंब इथे लावले तर हिवाळ्यात त्याची सावली बरोबर तुमच्या वांग्यांवर पडेल. लिंबासाठी उत्तम जागा म्हणजे भिंतीचा ईशान्य कोपरा, कारण तिथली सावली बहुतांश भिंतीबाहेर पडते. लिंबासाठी राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'साई शरबती' हा वाण चांगला. ईशान्येला झाड नको, असे वास्तूवरून घरात निघाले तर वाद घालू नका. तिथे कढीपत्ता लावून तो पाच फुटांवर छाटत राहा आणि लिंबू भिंतीलगतच पश्चिमेकडे सरकवा. शेवगा मात्र दारात नकोच. त्याच्या फांद्या वाऱ्याने मोडतात आणि पावसाळ्यात खोडावर सुरवंटांचे पुंजके बसतात.

सासूबाईंचे गुलाब कुठे, हा प्रश्न सौंदर्याचा नसून फवारणीचा आहे. गुलाबावर फुलकिडे येतात, आणि बाजारातली शोभेच्या झाडांची औषधे झाडाच्या रसात भिनणारी असतात. त्यांचा फवारा शेजारच्या पालकावर उडाला तर तो पालक खाण्याचा राहत नाही. म्हणून गुलाब आणि भाजी यांच्यात किमान गाडीच्या रस्त्याएवढे अंतर ठेवा, म्हणजे गुलाब पश्चिमेच्या भिंतीशी, फाटकाकडच्या उन्हाच्या टोकाला जातील. कण्हेर आणि बिट्टी विषारी असल्याने अशा बागेत मी लावत नाही. भाजीवर मावा दिसला तर आधी पाण्याचा जोरदार फवारा, मग निंबोळी अर्क, आणि तरीही हटला नाही तर ते झाड उपटून ट्रेमधला बदली कामगार लावायचा. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा काळा-पांढरा ठिपका दिसला तर नीट पाहा. ती लिंबाच्या फुलपाखराची अळी असते आणि मोठी झाल्यावर हिरवीगार होते. झाड मोठे असेल तर चार अळ्या खाऊन खाऊन किती पाने खातील! रोप लहान असेल तर मात्र हाताने वेचा.

इथपर्यंतचे एकत्र सांगायचे तर घराशी हळद-आले, मध्ये तुळस आणि मोकळी जागा, फाटकाशी ऊन लागणारी भाजी आणि भिंतीवर वेल, उपटायच्या भाज्या पूर्वेच्या कोपऱ्याआड, गुलाब पश्चिमेला. यातून पाच माणसांची रोजची भाजी निघणार नाही, हे आधीच स्पष्ट करतो. हिवाळ्यात आठवड्यातून दोन-तीन वेळा घरची भाजी, आणि मिरची, कढीपत्ता, लिंबू, आले यांसाठी बाजारात जावे लागू नये, एवढी अपेक्षा ठेवली तर निराशा होणार नाही.

माती आणि पाणी यांविषयी दोनच गोष्टी. नव्या बांधकामाच्या अंगणात वरची चार इंच माती चांगली दिसते आणि खाली विटांचे तुकडे, सिमेंट आणि चुना असतो, म्हणून भाजीचे वाफे दीड फूट खणून राडारोडा बाहेर काढा. काळी माती भरणार असाल तर तिच्यात निम्म्याच्या जवळपास कुजलेले शेणखत आणि जाडसर वाळू मिसळा, नाही तर ती पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. आणि ठिबकच्या दोन स्वतंत्र लाइनी टाका, दोन्हींना वेगळे कॉक. भाजीला रोज थोडे पाणी लागते. लिंबू, गुलाब आणि कढीपत्ता यांना आड दिवसाने किंवा त्याहून उशिरा, पण खोलवर. एकाच कॉकवर दोघांना ठेवले तर एक सुकतो किंवा दुसऱ्याची मुळे कुजतात.

तुम्ही मे महिन्यात विचारले आहे, त्यामुळे या महिन्यात विटांच्या कडा, वाटा आणि जाळी एवढे करून घ्या, आणि महिन्याच्या अखेरीस हळद लावा. पहिला पाऊस झाला की दोडका टोका. फाटकालगतच्या वाफ्यांत पावसाळाभर दाट झेंडू राहू द्या. मुळांना गाठी आणणाऱ्या सूत्रकृमींचा त्याने थोडा बंदोबस्त होतो आणि दसऱ्याला तोरणाची फुले घरची मिळतात. दसरा झाला की तो उपटून पालक-वांगी घाला. २१ डिसेंबरच्या आसपास, दुपारी साडेबारा ते पाऊण या वेळात (नाशिकचा माध्यान्ह घड्याळाच्या बारालाच होत नाही), घराच्या सावलीची कड जिथे येईल तिथे रांगोळीने रेघ ओढा आणि तिच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून ठेवा. मी फुटांत सांगितलेले आकडे आणि ती रेघ यांत फरक पडला तर रेघ खरी मानावी, आणि वाफे त्यानुसार पुढे-मागे करावेत.